सातवा डबा

तुळशीरामला राग आला की तो बोलत नसे, वांगी तोडत असे. त्या दिवशी सकाळी त्यानं दोन वाफे तोडून काढले आणि त्यातली निम्मी वांगी कवळी होती. गीताबाई भाकरी घेऊन बांधावर आली, टोपलीत डोकावली आणि म्हणाली, की अंगठ्याएवढाली ही वांगी कुण्या बाहुलीच्या लग्नाला न्यायची आहेत काय. तुळशीरामनं मान वर केली नाही. नवऱ्याच्या रागाचं माप गीताबाई वांग्यांवरूनच घेत असे, त्यामुळं तिनं भाकरी ठेवली आणि पुढं काही न विचारता ती विहिरीकडं गेली.

निरोप सकाळीच आला होता. धामणगावच्या पौषातल्या जत्रेत दरसाल इंद्रभानचा सिनेमाचा तंबू लागे आणि जत्रेच्या शेवटच्या संध्याकाळी तिथं चांदोबाचा खेळ होत असे. इंद्रभाननं सांगून पाठवलं होतं, की आजचा चांदोबाचा खेळ शेवटचा. उद्या त्याचे सातही डबे पुण्याला जाणार. तिथं सरकार जुने सिनेमे जपून ठेवतं म्हणतात. बुलढाण्याच्या कॉलेजातले वामनराव प्राध्यापक त्यासाठी मुद्दाम आले आहेत. आज खेळ तेच समजावून सांगतील आणि रिळंही बरोबर क्रमानं लावून देतील. तुळशीरामकाकांनी पुढं खुर्चीवर बसावं, त्यांना नारळ देऊन सत्कार करायचा आहे.

नारळ. अडतीस वर्षं पडद्याशेजारी उभं राहून ज्यानं तो खेळ सांगितला, त्याला नारळ आणि खुर्ची. पण तुळशीरामच्या पोटात जे पेटलं होतं ते नारळाचं नव्हतं. ते 'बरोबर क्रमानं' या दोन शब्दांचं होतं.

खेळ मुका होता. बोलपट नुकते निघाले होते तेव्हा, बत्तीस साली, इंद्रभानच्या बापानं, माणिकरावानं, तो मुंबईच्या एका बुडालेल्या कंपनीकडून आणला. दामू नावाचा लोहाराचा पोरगा सरकीच्या कारखान्यातल्या जुन्या बॉयलरचं विमान करतो, सोबतीला एक लोखंडी माणूस घडवतो, आईनं बांधून दिलेली भाकरी कमरेला लावतो आणि चांदोबावर जातो, अशी त्यातली गोष्ट. पाट्या इंग्रजीत आणि गुजरातीत. धामणगावात त्या कोणाला वाचता येणार? म्हणून माणिकरावानं वीस वर्षांच्या तुळशीरामला हातात काठी देऊन पडद्याजवळ उभं केलं. माळ्याचं हे पोरगं पोथी वाचायचं, आवाज खणखणीत होता. काठीनं दाखवायचं आणि सांगायचं. दामूचं बोलणं दामूच्या आवाजात, आईचं आईच्या. चांदोबावरचे काचेच्या डोक्यांचे लोक नाकात बोलत. लोखंड्या बोलला की तुळशीराम घागरीत तोंड घालून बोले आणि पोरं किंचाळत.

पहिला खेळ लागण्याआधीच, त्या पावसाळ्यात, नळगंगेच्या पुरात माणिकरावाची गाडी कलंडली. डबे वाचले, वर चिकटवलेले आकड्यांचे कागद वाहून गेले. दोघांनी डबे पुन्हा लावायला घेतले. पहिल्या चारांचा प्रश्न नव्हता. उरले तीन. एकात दामूची काचेच्या डोक्यांच्या लोकांशी मारामारी होते. एकात तो एका दगडावर एकटाच बसून राहतो. आणि एकात तो घरी येतो, आई विहिरीवरून धावत येते, घडा फुटतो. माणिकराव म्हणाला, घरी येते म्हणजे संपलं. घरी आल्यावर माणूस आणखी कुठं जाते काय बे? तुळशीरामलाही ते पटलं. त्यानं वाचलेल्या साऱ्या पोथ्यांत वनवासाला गेलेला माणूस शेवटच्या अध्यायात परतत होता. मग फळ सांगायचं आणि आरती म्हणायची. दुसरा शेवट असतो, हे त्या दोघांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यांनी घरी येण्याच्या डब्यावर खिळ्यानं सात रेघा ओढल्या.

बारा वर्षं तो खेळ तसाच झाला. मग चव्वेचाळीस साली मलकापूरला तंबू असताना एका जिनिंगच्या गुजराती मुनिमानं पाटी वाचली आणि हसत सांगितलं, की तुमचं रीळ उलटंपालटं झालं आहे. घरी येण्याचं रीळ पाचवं. ते स्वप्न आहे. पोरगा शेवटी तिकडंच राहतो, त्या दगडावर.

माणिकराव लगेच बदलायला निघाला होता. तुळशीरामनं त्याचा हात धरला. कारण त्या साली रुखमाबाईचा अर्जुन लामावर, लढाईला, जाऊन दोन वर्षं झाली होती. ब्रह्मदेशाकडून त्याचं एक पत्र आलं, मग काहीच आलं नाही. मेल्याचा कागदही आला नाही. रुखमाबाई तुळशीरामच्या गल्लीतली, एकट्या पोराची विधवा आई. ती दर जत्रेत बायकांच्या बाजूला, कनातीच्या दोरीजवळ, अगदी पुढं बसत असे. दामूची आई धावत आली की तुळशीराम सांगताना पडद्याकडं बघतच नसे. तो रुखमाबाईकडं बघे. त्या रिळाच्या कडा धुरकट होत्या. तो सांगे, की मायच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून आपल्याले असं दिसून राह्यलं. बायका पदर डोळ्यांना लावत. रुखमाबाई लावत नसे, पण तिचं तोंड त्या उजेडात बदले. त्या एका बदललेल्या तोंडासाठी तुळशीराम सव्वीस वर्षं खोटं बोलला होता आणि त्याला त्याचा मनातून अभिमान होता.

आणि आता कोणी एक येऊन ते रीळ मधे टाकणार होता. आता तर रुखमाबाईला दिसतही कमी होतं. पुढल्या साली तिच्यासमोर खेळ नसणार आणि शेवटचं म्हणून ती काय बघून जाणार, तर एकटा दगड.

दुपारी वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन तो तंबूवर गेला.

तंबूत इंद्रभान आणि वामनराव प्राध्यापक सतरंजीवर बसले होते. प्राध्यापक पस्तिशीचे, पुण्याकडचे, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी उठून नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता आणि त्यामुळं तुळशीरामचा राग आणखी वाढला, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. प्राध्यापक म्हणाले, की हा खेळ म्हणजे एक ठेवा आहे. हातानं जोडलेला पत्रा आणि कागदाचा चंद्र, त्या काळाच्या मानानं कल्पना फार गोड आहे. तुळशीरामला गोड हा शब्द चावला. गोड काय, जिलबी आहे?

तो म्हणाला, की खेळ दरसाल दाखवतो तसाच दाखवा.

प्राध्यापकांनी समजूत घालण्याच्या सुरात एक रीळ सोडलं, पट्टी उजेडात धरली आणि वाचून दाखवलं. "'जाग आली. सारे स्वप्न होते.' ही पाटी सहाव्या रिळाच्या तोंडाशी आहे. म्हणजे घरी येणं त्याच्या आधी हवं. तुमचा दोष नाही, तुम्हाला ही पाटी वाचता येत नव्हती. पण लोकांना इतकी वर्षं चुकीचं सांगितलं गेलं, ते एकदा तरी दुरुस्त व्हायला हवं ना?"

"लोकाइनं कधी तक्रार केली काय?"

"लोकांना माहीतच नव्हतं."

इंद्रभान मधे पडला. त्यानं तुळशीरामला काका म्हणत, गोडीत घेत सांगितलं, की आता जमाना बदलला. सहा महिन्यांमागं माणूस खरंच चंद्रावर उतरला. ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी आपण सगळ्यांनी ऐकलं. आता पोट्टे आपल्या खेळाला हसतात. मागल्या जत्रेतच बघायला गर्दी अर्धी होती. निदान बरोबर तरी दाखवू.

तुळशीराम म्हणाला, "हसू दे. रेडिओवरचे थे दोघं गोटे घेऊन वापस आले. आपल्या गावात कोणाच्या डोळ्याले पाणी आलं काय त्याइच्यासाठी? भाकरी तरी नेली होती काय त्याइनं?"

इंद्रभान हसला. प्राध्यापकही हसले आणि खिशातलं पेन काढून त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.  तुळशीरामला खरं कारण सांगता येईना. मला माहीत होतं, मी जाणूनबुजून केलं, असं म्हटलं तर रुखमाबाईचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि एका परक्याच्या वहीत तिचं नाव जावं हे त्याला मरणाहून वाईट वाटलं.  इंद्रभान आणि प्राध्यापक चहाला म्हणून बाहेर गेले.

सात डबे ओळीनं मांडले होते. वर नवे कागद, नवे आकडे, प्राध्यापकांच्या सुरेख अक्षरात. तुळशीरामनं सातवा उचलला. दगडाचं रीळ. टोपलीतली वांगी एका बाजूला सारली, डबा तळाशी ठेवला आणि वरून वांगी पसरली.  तुमचं बरोबर तुम्हाला लखलाभ, पण हा शेवट मी दाखवू देणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. टोपली घेऊन तो बाजारात जाऊन बसला आणि कोणी वांगी मागितली की वरची वरची देत राहिला.

दिवेलागणीला इंजिन धडधडायला लागलं. कर्ण्यावरची गाणी थांबली. तंबू भरला होता, शेवटचा खेळ म्हणून साखरखेर्ड्याकडून जत्रेला आलेले पाहुणेही थांबले होते. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे दोरीवर लुगडं. तुळशीराम खुर्चीवर बसला नाही. नारळ त्यानं घेतला आणि शेजारच्या पोराच्या हातात दिला. टोपली पायांशी घेऊन तो कनातीला टेकून उभा राहिला. तिथून रुखमाबाई दिसत होती. पांढरे केस, कपाळावर हात आडवा धरून बघायची सवय.

प्राध्यापक बोलायला लागले. ते चांगलं बोलत होते, पण ते दामूबद्दल बोलत होते, दामू होऊन बोलत नव्हते. इथे दिग्दर्शकाने अमुक युक्ती केली आहे. हे विमान म्हणजे मुळात पाण्याची टाकी. मागच्या बाजूला बसलेल्या पोट्ट्यांनी तोंडं सोडली. एक म्हणाला, चंद्रावर हवा नाही, मग याच्या धोतराचा सोगा काऊन उडते. दुसरा म्हणाला, लोखंड्याले गंज चढला, याले राशनचं तेल द्या. हशा झाला. तुळशीरामला वाटलं, काठी घ्यावी आणि एकेकाच्या पाठीत घालावी. त्यांच्या बापांना त्यानं याच तंबूत याच लोखंड्यासाठी रडताना पाहिलं होतं.

पाचवं रीळ लागलं. आई धावली, घडा फुटला. प्राध्यापक म्हणाले, या धुरकट कडांवरून लक्षात येतं, की हे स्वप्न आहे. बायकांच्या बाजूला कुजबूज झाली, पण रुखमाबाई हलली नाही. मशीन एकच होतं, त्यामुळं दर रिळानंतर दिवा लागायचा. दिवा लागला तेव्हा ती सरळ पडद्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते तुळशीरामला वाचता आलं नाही.

सहावं रीळ झालं. मारामारी झाली, दामूची बाही फाटली, लोखंड्या पडला. विमान मोडलं. आणि पोट्टे गप्प झाले होते, हे तुळशीरामच्या उशिरा लक्षात आलं. कधी झाले कोण जाणे. लोखंड्या हात वर करून पडतो तिथं बहुधा. हसायला आलेली पोरं तिथंच गप्प होत, दरसाल.

दिवा लागला तो विझेना. मशीनपाशी गडबड. इंद्रभान पुढं आला आणि म्हणाला, सातवा डबा सापडून नाही राह्यला. लोक ओरडायला लागले. कोणी म्हणालं तिकिटाचे पैसे परत करा. प्राध्यापकांचा चेहरा पडला. त्यांनी डबे पुन्हा मोजले, जणू मोजून सातवा निघेल. तुळशीरामला वाटलं, जिंकलो. संपलं. दामूचं काय झालं ते कोणाला कळणार नाही, आणि न कळणं हे कळण्यापेक्षा बरं.

तेव्हा रुखमाबाई उठली. दोरीवरचं लुगडं बाजूला सारून ती सरळ पुरुषांच्या बाजूला आली, लोकांमधून वाट काढत, आणि तुळशीरामसमोर उभी राहिली.

"डबा तुह्याजवळ हाय. वांग्याची टोपली पायाशी घेऊन कोणी खेळ पाहते काय? काढ."

तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा."

"बसाले नाही सांगतलं. काढ म्हणतो."

मागचे लोक माना उंचावून बघायला लागले. ती त्याच्याकडं बघून बोलत होती, पण आवाज सगळ्यांपर्यंत जात होता. "अडतीस वर्सं पाहून राह्यली मी हा खेळ. मारामारीत दामूची बाही फाटते. दगडावर बसते तवाही फाटलेली. अन् घरी आला तं धड. कोणं शिवली थे बाही? चांदोबावर शिंपी हाय काय?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"पैल्या सालीच समजलं मले. मी लोकाइच्या चोळ्या शिवतो, मले बाही नाही दिसणार? म्हटलं चुकले असतील, चुकू दे. मंग माहा अर्जुन गेला. अन् तू माह्याकडं पाहून सांगाले लागला, दामू आला, दामू आला. पडद्याकडं नाही, माह्याकडं. मी पाहत होती तुले. येडी समजला काय रे मले? माह्या पोराची वाट मी पाहीन. तुले कोणं सांगतलं होतं माह्याकरता पाहाले?"

सकाळपासून साठलेलं तुळशीरामच्या तोंडातून एकदम बाहेर आलं. "मंग येत काऊन होत्या दरसाल? समजत होतं तं घरी बसाचं होतं. मी कायले घसा फोडला इतकी वर्सं?"

"दगडावर बसते, त्याले पाहाले येत होती." रुखमाबाईचा आवाज खाली आला, पण राग तसाच होता. "थो तिकडं एकटा कसा बसते, काय पाहते, मले थे पाहाचं होतं. तं तू धड पाहू देत नव्हता. लोखंड्या विमान सांधून राह्यला, दामू आता निघते, थांबा, आता निघते. बडबड बडबड. अडतीस वर्सांत त्याचं तोंड मले एकदा निवांत पाहू देल्लं नाही तू."

तुळशीराम वाकला. वांगी दोन्ही हातांनी बाजूला केली. डबा वर काढताना चार-दोन वांगी सतरंजीवर घरंगळली आणि ती उचलायला कोणी पुढं झालं नाही. डबा त्यानं इंद्रभानच्या हातात दिला नाही, स्वतः मशीनपर्यंत नेला. प्राध्यापक वाटेत उभे होते, ते बाजूला झाले. त्यांच्या हातात वही होती, पण त्यांनी ती उघडली नाही.

दिवा विझला. सवयीनं तुळशीराम पडद्याजवळ गेला, काठी तिथंच टेकून ठेवलेली होती, ती त्यानं उचलली. पडद्यावर दगड आला. दामू आला, फाटक्या बाहीचा, हळूहळू चालत. प्राध्यापक खालून म्हणाले, "इथे दिग्दर्शकाने—"

"तुम्हीबी गप, मास्तर," अंधारातून रुखमाबाई म्हणाली.

नंतर कोणी बोललं नाही. बाहेर इंजिन तेवढं चालू होतं.

तुळशीरामनं ते रीळ हजारदा पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. त्याला आज दिसलं, की दामू बसतो तेव्हा आधी दगडावरची धूळ हातानं झाडतो, जसा आपल्या ओट्यावर बसताना झाडेल. कमरेची भाकरी सोडतो, निम्मी मोडतो आणि निम्मी परत बांधून ठेवतो. पलीकडं काळ्या आभाळात पृथ्वी टांगलेली, कापडाची, एका बाजूनं सुरकुती पडलेली. तिच्याकडं बघताना दामू रडत नाही. तो हात आडवा कपाळावर धरतो आणि बघतो. तुळशीरामच्या जिभेवर शब्द येत होते, लोखंड्या उठून राह्यला, आता निघते, आता. त्यानं दात आवळले. काठी त्याच्या हातात होती पण ती कशाकडं रोखायची हे त्याला कळेना. त्याला राग येत होता. रुखमाबाईचा येत होता, तिनं चारचौघांत त्याची सव्वीस वर्षं उघडी केली. प्राध्यापकाचा येत होता, मुनिमाचा, मेलेल्या माणिकरावाचा, ज्या पोथ्यांत सगळे घरी परततात त्या पोथ्यांचा. आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण एका बाईला जे बघायचं होतं त्याच्या आड तो काठी घेऊन उभा राहिला होता आणि त्याला तो उपकार समजत होता.

शेवटी दामू लहान लहान होत जातो आणि दगड तेवढा राहतो. पट्टी संपली, पडदा पांढरा झाला, तरी मशीनवाल्यानं दिवा लगेच लावला नाही.

लोक उठले ते हळू उठले. मघाशी राशनच्या तेलाचं बोललेला पोट्टा सतरंजीवर तसाच बसून होता, त्याला मित्रानं ओढून उठवलं. इंद्रभान डबे बांधायला लागला. प्राध्यापक तुळशीरामपाशी आले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण तुळशीरामनं त्यांच्याकडं पाठ केली आणि सांडलेली वांगी गोळा करायला बसला. नारळाचं पोरगं नारळ परत द्यायला आलं, त्याला त्यानं हातानंच जा म्हटलं.

रुखमाबाई अजून गेली नव्हती. ती टोपलीजवळ आली, वाकून एक वांगं उचललं, डोळ्यांजवळ धरून बघितलं.

"कवळे काऊन तोडले?"

"राग आलता."

"कोणाचा?"

 तिनं उत्तराची वाट बघितली नाही. सतरंजीवरची तेवढी कवळी वांगी वेचून तिनं पदरात घेतली आणि गाठ मारली.

"याची भाजी बरी होते," ती म्हणाली. "बिया नसतात."

मग ती गेली. तुळशीरामनं टोपली उचलली. ती रिकामी झाल्यासारखी हलकी लागली, तरी त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, कारण हात मोकळे ठेवले तर ते अजून काहीतरी तोडतील असं त्याला वाटत होतं.